भंगारातला रेल्वेचा दिवा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम करा. तुम्ही आणलेल्या दिव्याची पिन भिंतीतल्या सॉकेटात असेल तर ती आधी काढा. नसेल तर घालू नका. बाकीचं सावकाश बोलू. ही सूचना मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी घेतली आहे, कारण मी ज्या क्रमानं शिकलो त्या क्रमात ती अगदी शेवटी आली होती.

लागणारं साहित्य : एक रविवार किंवा बुधवार (पुण्याचा जुना बाजार याच दोन दिवशी भरतो), चिंचेचा कोळ, जुना टूथब्रश, एक साधा मल्टिमीटर, आणि घरी सांगायला एक कारण. यातली शेवटची वस्तू सगळ्यांत महाग पडते. ‘पुतण्याला भेट द्यायचाय’ असं मी सांगितलं. पुतण्या न्यू जर्सीत असतो आणि त्यानं आजवर माझ्याकडे भाजणीखेरीज काहीही मागितलेलं नाही. हिनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ‘बाल्कनीत ठेवा, तिथं तुमचा ग्रामोफोन एकटाच आहे’ एवढंच म्हणाली.

पायरी पहिली : गोष्ट आणि दिवा वेगवेगळे ठेवा

जुन्या बाजारात दिव्याबरोबर एक गोष्ट फुकट मिळते. मला मिळालेली अशी : ‘साहेब, पहिल्या गाडीचा दिवा हाय. बोरीबंदर ते ठाणे.’ पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. दिव्यात विजेच्या बल्बाचा होल्डर बसवलेला होता, तोही मला दिसत होता. एडिसनचा बल्ब १८७९ चा. म्हणजे बल्ब जन्माला यायच्या सव्वीस वर्षं आधीच रेल्वेनं त्याचा होल्डर बसवून ठेवला होता! एवढी दूरदृष्टी रेल्वेनं एरवी दाखवल्याचं ऐकिवात नाही. हे गणित मला दुकानात सुचायला हवं होतं; सुचलं ते रिक्षात. तोवर साडेतीन हजारांवरून चौदाशेवर आणल्याचा आनंद डोक्यात चढला होता.

शेजारच्या पथारीवर पितळी, लाल काचेचा एक देखणा दिवा होता. त्यावरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘पोर्ट’ असं कोरलेलं. ‘हे काय?’ म्हणून विचारलं. ‘पोर्ट म्हंजे बंदर. बोरीबंदर!’ उत्तर इतकं तत्पर होतं की त्यासाठी पन्नास रुपये जास्त द्यावेत. वास्तविक पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. उजव्याच्या पट्टीवर ‘स्टारबोर्ड’ असतं. मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातेत अलंगला जहाजं मोडतात, तिथले दिवे अशा पथाऱ्यांवर येतात आणि रेल्वेत भरती होतात. पट्टीवर पोर्ट असेल तर तो दिवा कधी रुळावर गेलेला नाही, एवढं समजा.

तिसरी जात मुरादाबादी. पितळ खरं, दिवा कालचा. हे ओळखायचं कसं? स्क्रू पाहा. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातला’ दिवा अशा स्क्रूंनी जोडलेला असेल, तर राणीबद्दलचा आदर तसाच ठेवून पुढच्या पथारीकडे वळा. डाग पाहा. नव्या दिव्याला आणलेलं जुनेपण सगळीकडे सारखं असतं, लहान मुलानं पावडर लावावी तसं. खरा वापरलेला दिवा एकसारखा कधीच झिजत नाही. मुठीचा आतला भाग गुळगुळीत असतो, बिजागरी सैल असते, दाराच्या कडेला बोटांनी रंग उडालेला असतो, आणि वरच्या टोपीत बोट घातलं तर काजळी लागते.

माझ्या बोटाला काजळी लागली होती. मी खूश होऊन बोट पँटला पुसलं. काजळी तेलाच्या ज्योतीची असते, विजेच्या बल्बाची नसते, हा विचार त्या वेळी मनाला शिवला नाही.

पायरी दुसरी : अक्षरं वाचा

चिंचेच्या कोळानं पुसल्यावर पत्र्यावर किंवा पितळेवर अक्षरं वर येतात. ‘जीआयपी’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, बोरीबंदरवाली. ‘बीबी अँड सीआय’ म्हणजे बॉम्बे बडोदा, चर्चगेटवाली. ५ नोव्हेंबर १९५१ ला पहिली मध्य रेल्वेत आणि दुसरी पश्चिम रेल्वेत गेली. त्यामुळे ‘सीआर’ किंवा ‘डब्ल्यूआर’ ठोकलेला दिवा त्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही, मग विकणारा आजोबांची शपथ का घेईना. ‘एमएसएम’ असेल तर मद्रास अँड सदर्न मराठा, पुण्याहून मिरजेकडे जाणारी. ‘एनएसआर’ निजामाची; मराठवाड्यातल्या वाचकांनी याला आपला म्हणायला हरकत नाही. ‘बीएलआर’ दिसलं तर काही बोलू नका, चेहरा कोरा ठेवा आणि लगेच पैसे काढा. ती बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांवरून वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी. माझ्या मते हा खजिना आहे. बाजारभाव मला विचारू नका, माझा आणि बाजारभावाचा संबंध वर आलाच आहे.

माझ्या दिव्यावर ‘सी’ स्पष्ट होता आणि पुढे एक पोचा होता.

पायरी तिसरी : पावती

ही पायरी लोक गाळतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा एक कायदा आहे. माल रेल्वेचा आहे आणि तो चोरीचा असावा असा वाजवी संशय असेल, तर तो रीतसर मिळवला हे सिद्ध करणं ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येतं. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते, त्यामुळे बाजारातला बराचसा माल रीतसरच असतो. पण दिवाणखान्यात टांगलेल्या दिव्याच्या तोंडून ते वदवणार कसं? पावती मागा. मी मागितली तेव्हा विकणाऱ्यानं वहीचं पान फाडून ‘१ दिवा, १४००’ असं लिहून दिलं आणि खाली सही म्हणून एक लांबलचक रेघ ओढली. ते पान मी जपून ठेवलंय. ते कुणाला दाखवायची वेळ येऊ नये.

पायरी चौथी : व्होल्ट

आता मुख्य प्रश्न. नवशिक्या इथं ‘हा दिवा किती व्होल्टचा?’ असं विचारतो. मीही विचारलं, आधी वायरमनला, मग पुतण्याला. वायरमन म्हणाला, ‘लावून बघू.’ पुतण्यानं रात्रभर शोधून कळवलं की बत्तीस. ते बरोबरच आहे, अमेरिकेत. तिथल्या वाफेच्या इंजिनावर वाफेनंच फिरणारं छोटं जनित्र असे आणि दिवे बत्तीस व्होल्टचे. पण न्यू जर्सीचं उत्तर पुण्याच्या दिव्याला लावणं म्हणजे तिथल्या घड्याळात बघून इथं वरणभाताचा कुकर लावण्यासारखं आहे.

आपल्याकडचे आकडे असे. जुन्या डब्यांत चोवीस व्होल्ट. चाकाच्या आसाला पट्टा, पट्ट्यावर डायनॅमो, आणि डब्याखाली बॅटऱ्यांची पेटी. लंडनच्या जे. स्टोन कंपनीची ही व्यवस्था जगभर गेली. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी पॅसेंजरनं प्रवास केलाय त्यांना आठवत असेल : गाडी स्टेशनात उभी राहिली की दिवे मलूल व्हायचे, पंखे सुस्तावायचे, आणि गाडीनं वेग घेतला की डब्यात पुन्हा जीव यायचा. चाकं थांबली की डायनॅमो थांबला, सगळा भार बॅटरीवर. पुढे डबे एकशेदहा व्होल्टवर आले, पण तेही डीसी. म्हणूनच ‘डब्यातला पंखा चोरून काही उपयोग नाही, घरी चालत नाही’ असं लोक सांगायचे. ते चोरांना कुणी सांगितलं होतं का, हे कळायला मार्ग नाही.

रंगीत काचेच्या सिग्नलची गंमत वेगळी. खांबापर्यंत येणारी वायर एकशेदहा व्होल्टची, पण बल्बाजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बल्ब बाराचा. नुसतं सिग्नलचं मुंडकं हाती लागलं आणि आत ट्रान्सफॉर्मर दिसला नाही, तर वायरीवरून अंदाज बांधू नका. आता तिथंही एलईडी आले, म्हणून तर ही मुंडकी बाजारात दिसतात.

पंधराशे व्होल्ट, पंचवीस हजार व्होल्ट हे आकडे तुम्ही ऐकले असतील. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी गेली ती पंधराशेवर. हे सगळं गाडी ओढण्यासाठी. दिव्याला ते कुणी देत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘लोकलचा दिवा आहे, पंधराशे लागतील’ असं म्हणून तो कधी लावलाच नाही. ते अज्ञानातही सुरक्षित राहिले. मी अर्धवट ज्ञानात नाही राहिलो.

पायरी चौथी (अ) : काय करू नये

वायरमन शनिवारी येणार होता. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे होते. दिव्याच्या बुडातून दोन वायरी बाहेर आलेल्या होत्या. सुती वेष्टणाच्या, करंगळीच्या अर्ध्या जाडीच्या. आतला बल्ब काजळीनं काळा होता, पण तार शाबूत दिसत होती. मी वायरींना एक टू-पिन जोडली, पाहुण्यांना समोर बसवलं, ‘हा १८५३ चा’ असं म्हणालो आणि बटण दाबलं.

उजेड पडला. खरंच पडला, पांढराशुभ्र, दिवाळीतल्या फुलबाजीसारखा, आणि तितकाही टिकला नाही. ‘फट्ट’ असा आवाज, मग सगळं घर अंधारात, मग अंधारातून हिचा आवाज : ‘भेट मिळाली का पुतण्याला?’

फुटलेल्या बल्बाची पितळी टोपी दुसऱ्या दिवशी टूथब्रशनं घासली. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : २४ व्होल्ट, २५ वॅट. बल्बवर लिहिलेलं वाचायचं असतं, आणि वाचायचं ते लावण्यापूर्वी, एवढा साधा धडा. आता थोडं गणित. व्होल्टेज जवळजवळ दहापट वाढलं की ओढली जाणारी शक्ती दहापट वाढत नाही, दहाचा वर्ग करावा लागतो. तारेचा रोध तापलेल्या बल्बाइतका धरला तरी पंचवीस वॅटच्या त्या बिचाऱ्यानं क्षणभर तेवीसशे वॅटच्या आसपास मागणी केली. दिवाणखान्यात मी गीझर पेटवला होता, पाण्याशिवाय.

वायरीची जाडीही ओरडून सांगत होती. कमी व्होल्ट म्हणजे तेवढ्याच उजेडाला जास्त अँपियर, आणि जास्त अँपियरला जाड तार. साठ वॅटचा बल्ब आपल्या घरात पाव अँपियर घेतो. चोवीस व्होल्टवर तोच अडीच घेतो. छोट्या दिव्याला भारी वायर दिसली की थबकावं. मी तिला ‘जुन्या काळची मजबुती’ म्हणालो होतो.

पायरी पाचवी : काकांना बोलावणे

आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांना आधीच विचारायला हवं होतं, पण मग ‘मी स्वतः शोधलं’ म्हणता आलं नसतं. हात दाखवून अवलक्षण झाल्यावर गेलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दिवा मांडीवर घेतला आणि एकही प्रश्न न विचारता त्याची वरची टोपी धरून फिरवली. आत काहीतरी सरकलं. भिंगामागे लाल काच आली. पुन्हा फिरवली, निळी. पुन्हा, पांढरी.

‘कशाचं व्होल्टेज शोधतोयस?’ काका म्हणाले. ‘गार्डची हातबत्ती आहे ही. घासलेटची.’

‘पण आत होल्डर आहे.’

‘कुणीतरी भोक पाडून बसवलाय. हे बघ, इथं टाकी बसायची. हे वर धुराडं. तुला हे काय वाटलं होतं?’

मला ती नक्षी वाटली होती.

‘आणि निळा सिग्नल कुठला असतो, काका?’

यावर ते पहिल्यांदा हसले. ‘तो हिरवाच आहे. घासलेटची ज्योत पिवळी असते. पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच धरली की लांबून हिरवा दिसतो. खांबावरच्या हात दाखवायच्या सिग्नलच्या चष्म्यातसुद्धा अशीच निळसर काच असायची. हिरवी काच लावलीस तर पिवळ्या ज्योतीत ती मळकट दिसेल.’

म्हणजे माझ्या दिव्याचं मूळ व्होल्टेज शून्य. बल्ब कुठल्यातरी जुन्या डब्यातला, होल्डर कुठल्यातरी दुकानातला, वायर तिसरीकडची, आणि गोष्ट पथारीवरची. व्होल्ट असतात ते बल्बाला. दिव्याच्या पत्र्याला व्होल्ट नसतात. हे एक वाक्य मला कुणी रविवारी सांगितलं असतं, तर शुक्रवारचे पाहुणे चहा पिऊन गेले असते.

विजेचा आणि तेलाचा दिवा ओळखण्याच्या खुणा काकांनी भराभर सांगितल्या. वर धुराडं आणि हवेला भोकं असतील तर आत ज्योत होती. वातीचं फिरकीचं चाक, किंवा ते बसायची चीर, दिसली की घासलेट. बारीक पितळी नळी आणि तोटी असून वात नसेल तर गॅस. विजेच्या आधी डब्यांत गॅसचे दिवेही होते. सिग्नलच्या खांबावरच्या दिव्याला मागच्या बाजूला एक इवलंसं भोक असतं, त्यातून केबिनमधल्या माणसाला दिवा लागलाय की विझलाय ते कळायचं. ते भोक गंजानं पडलं असं समजून बुजवणारे महाभाग काकांनी पाहिलेत.

पायरी सहावी : बल्बाचं वय सोडा, रोध मोजा

टोपीवरची अक्षरं पुसली गेली असतील तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा. बल्ब होल्डरमधून काढलेला आणि थंड हवा. बल्ब पिनवाला असेल तर बुडाच्या दोन शिशाच्या ठिपक्यांना दोन टोकं लावा. आट्यांचा असेल तर एक टोक मधल्या ठिपक्याला, दुसरं आट्यांना. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण बारा-तेराव्या हिश्शाइतका असतो. त्यामुळे पंचवीस वॅटच्या बल्बाला मीटर दोनेक ओहम दाखवत असेल तर तो चोवीस व्होल्टचा. चाळिशीच्या आसपास दाखवला तर एकशेदहाचा. दीडशेच्या वर गेला तर घरगुती, म्हणजे आधीच्या मालकानं तुमच्याआधी शहाणपणा केलेला आहे. वॅट वेगळे असतील तर आकडे बदलतील, पण दोन आणि दीडशे यांत कुणी गफलत करणार नाही.

मीटर नसेल तर स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी घ्या. बल्ब लखलखला तर तो बाराचा. नारिंगी पेटला तर चोवीसचा. काहीच झालं नाही तर एकशेदहाचा, किंवा दोनशेतीसचा, किंवा मेलेला. कमी व्होल्टवरून वर जायचं असतं. वरून खाली येणाऱ्याला मध्ये थांबता येत नाही.

‘एकशेदहाचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावा, घरच्या लाइनीवर चालतात’ असं वायरमन सांगेल. दोन्ही सारख्या वॅटचे असतील तर चालतातही. तुम्ही करू नका.

पायरी सातवी : आता लावा

जुनी सुती वायर पूर्ण काढून टाका; वाकवली की तिचं वेष्टण चुरून पडतं आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकते. दिवा धातूचा, म्हणजे टेकल्यावर करंट येणार तो मुठीत. बारा व्होल्टचा एलईडी आणि त्याचा अडॅप्टर घ्या, हे सर्वांत बरं. घरच्या लाइनीवरचाच बल्ब लावायचा हट्ट असेल तर तीन वायरींची केबल, थ्री-पिन, आणि हिरवी वायर दिव्याच्या अंगाला स्क्रूनं घट्ट. टू-पिन नाही. मी सांगतोय.

जुना रंग खरवडू नका. शेंदरी अस्तरात शिसं असतं, ती धूळ नाकात जायला नको. आणि बोटानं काजळी पुसलीत तर ते बोट पँटला पुसू नका.

शेवटचं एक. मी पहिल्यांदा एलईडी आणला तो दुकानातला सर्वांत लखलखीत, साडेसहा हजार केल्विनचा. टोपी फिरवली, तर गार्डची हिरवी झेंडी देवीच्या मांडवासारखी निळी दिसायला लागली. काकांनी खालून ओरडून सांगितलं, ‘पिवळा लाव, पिवळा!’ खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७०० केल्विन लिहिलेला बल्ब घ्या. निळ्या काचेतून हिरवा उजेड त्यातूनच पडतो.